जावात रिमोट मॅनेजमेंट क्लायंट: जेएमएक्सने दूरचा टॉमकॅट कसा पाहावा आणि हाताळावा

जेएमएक्स म्हणजे चालू जावा प्रोग्राम बाहेरून पाहण्याची आणि हाताळण्याची जावातली सोय. दूरच्या जेव्हीएमशी (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या व्हर्च्युअल मशीनशी) जेएमएक्सने बोलणाऱ्या क्लायंटचा मूळ कोड दहा-बारा ओळींत संपतो. यूआरएल बनवा, कनेक्ट करा, आकडा मागा, छापा. तरी असे क्लायंट लिहिताना लोकांचे दिवस जातात, आणि ते दोन ठिकाणी जातात. एक, कनेक्शन जुळतच नाही. दुसरं, जुळलेलं कनेक्शन मेलंय हे क्लायंटला कळतच नाही. म्हणून इथे एपीआयला लागेल तेवढीच जागा देतो आणि भर या दोन गोष्टींवर ठेवतो.

उदाहरणाला लिनक्सवर चालणारा एक टॉमकॅट, म्हणजे जावातला वेब सर्व्हर, घेऊ. आपला क्लायंट वेगळ्या मशीनवरून त्याची हीप (ऑब्जेक्ट राहतात ती मेमरी), जीसी (नको असलेली मेमरी मोकळी करणारा गार्बेज कलेक्टर) आणि थ्रेड पूल (विनंत्या हाताळणारे थ्रेड) वाचेल, मेमरी चढली की सूचना घेईल आणि गरज पडल्यास हीप डंप, म्हणजे हीपची फाइलमधली प्रत, काढायला लावेल. जावा १७ किंवा २१ धरलं आहे. बाहेरची एकही लायब्ररी लागत नाही. जेएमएक्सचा गाभा म्हणजे जेएसआर ३ (जेएसआर म्हणजे जावाचा क्रमांक दिलेला प्रमाण दस्तऐवज) आणि दूरवरून वापरायचा भाग म्हणजे जेएसआर १६०. २००४ साली आलेल्या जावा ५ पासून दोन्ही जेडीकेतच (जावाच्या डेव्हलपमेंट किटमध्येच) आहेत.

क्लास, मेथड आणि सेटिंग यांची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टाइप करायची. क्लासची नावं एडिटर सुचवतो. सेटिंगचं नेमकं स्पेलिंग हवं असेल तर जेडीकेच्या 'कॉन्फ' फोल्डरमधल्या 'मॅनेजमेंट' फोल्डरात मॅनेजमेंट.प्रॉपर्टीज नावाची फाइल आहे. तिच्यात बहुतेक सगळ्या सेटिंग्ज टिपणांसह दिल्या आहेत, आणि ती फार कमी लोक उघडतात.

आधी सर्व्हरची बाजू

टॉमकॅटच्या 'बिन' फोल्डरमध्ये सेटएन्व्ह.एसएच ही फाइल बनवा आणि जेएमएक्सच्या सेटिंग्ज कॅटालिना-ऑप्ट्स या व्हेरिएबलमध्ये घाला. जावा-ऑप्ट्समध्ये घालू नका. टॉमकॅट बंद करणारी स्क्रिप्टही स्वतःची एक छोटी जेव्हीएम सुरू करते आणि तीसुद्धा जावा-ऑप्ट्स वाचते. मग ती तोच पोर्ट उघडायला जाते, पोर्ट आधीच वापरात असल्याची एरर देते आणि टॉमकॅट काही बंद होत नाही. कॅटालिना-ऑप्ट्स फक्त चालू करताना वाचलं जातं.

लागणाऱ्या सेटिंग्ज सगळ्या 'कॉम.सन.मॅनेजमेंट.जेएमएक्सरिमोट' या उपसर्गाच्या आहेत: पोर्ट, आरएमआय.पोर्ट, होस्ट, ऑथेंटिकेट, एसएसएल, पासवर्ड.फाइल आणि ॲक्सेस.फाइल. या कुळाबाहेरची एकच, जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम. ती विसरली जाते आणि तीच सगळ्यात जास्त छळते.

एक दार उघडलं तरी दुसरं बंद असतं

फायरवॉलमध्ये ९०१० पोर्ट उघडला, टेलनेट लागतो, तरी क्लायंट लटकतो किंवा 'कनेक्शन रिफ्यूज्ड' म्हणतो. ही तक्रार जेएमएक्सइतकीच जुनी आहे. कारण समजून घेतलं की पुन्हा अडकायला होत नाही.

जेएमएक्स दूरवर बोलतं ते आरएमआयने, म्हणजे दुसऱ्या जेव्हीएममधल्या ऑब्जेक्टच्या मेथड बोलावण्याच्या जावातल्या सोयीने. 'पोर्ट' या सेटिंगने फक्त आरएमआय रजिस्ट्री उघडते. रजिस्ट्री ही सरकारी कचेरीतली चौकशीची खिडकी समजा. तिथे काम होत नाही, 'अमुक टेबलावर जा' एवढंच सांगतात. क्लायंट 'जेएमएक्सआरएमआय' या नावाने विचारणा करतो, आणि रजिस्ट्री त्याला एक स्टब (दूरच्या ऑब्जेक्टचा इकडचा प्रतिनिधी) देते. त्या स्टबमध्ये खऱ्या सर्व्हर ऑब्जेक्टचा होस्ट आणि पोर्ट लिहिलेला असतो. पुढचं सगळं संभाषण त्या पत्त्यावर होतं. आरएमआय.पोर्ट दिला नसेल तर हा दुसरा पोर्ट दर वेळी यादृच्छिक असतो, म्हणजे फायरवॉलमध्ये उघडायचा कोणता हे आधी सांगताच येत नाही. तेव्हा आरएमआय.पोर्टही ९०१० च द्या. दोन्ही एकाच पोर्टवर सुखाने नांदतात.

राहिला होस्ट. स्टबमध्ये कोणता पत्ता जाणार हे सर्व्हर स्वतःच्या समजुतीप्रमाणे ठरवतो. डेबियन आणि उबुंटूवर इटीसी-होस्ट्स फाइलमध्ये मशीनच्या नावापुढे बऱ्याचदा १२७.०.१.१ असतं. मग सर्व्हर तोच पत्ता स्टबमध्ये लिहितो आणि आपला क्लायंट इमानदारीने स्वतःच्याच मशीनवर दार ठोठावत बसतो. डॉकरमध्ये कंटेनरचा आतला पत्ता जातो, जो बाहेरून पोचतच नाही. यावर उपाय म्हणजे जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेम. *क्लायंटच्या* नजरेतून सर्व्हरचा जो पत्ता असेल, तो इथे लिहायचा. एरर मेसेजमध्ये तुम्ही न दिलेला आयपी दिसला, तर दुसरं काही शोधत बसू नका. गडबड याच सेटिंगची आहे.

पासवर्ड, आणि तो का बंद करू नये

पोर्ट दिला की ऑथेंटिकेट आणि एसएसएल दोन्ही आपोआप चालू असतात. इंटरनेटवरच्या निम्म्या उत्तरांत ती दोन्ही 'फॉल्स' करायला सांगितलेली असतात, आणि काफ्का या संदेश वाहणाऱ्या सर्व्हरच्या, तो सुरू करणाऱ्या स्क्रिप्टमध्येही ती तशीच बंद आहेत. जेएमएक्स हा फक्त आकडे दाखवणारा फलक नाही. त्यातून ऑपरेशनं चालवता येतात. जुन्या जावात तर एमलेट नावाच्या सोयीतून बाहेरच्या यूआरएलवरचा कोड सर्व्हरच्या जेव्हीएममध्ये लोड करता यायचा, म्हणजे उघडा जेएमएक्स पोर्ट आणि परक्याच्या हातात दिलेला सर्व्हर यांत फरक उरत नव्हता. जावा २३ मध्ये एमलेट काढून टाकलं, पण प्रत्यक्षात चालणारे सर्व्हर त्याहून जुने असतात.

पासवर्ड फाइलमध्ये प्रत्येक ओळीवर युजर आणि पासवर्ड. ॲक्सेस फाइलमध्ये युजर आणि 'रीडओन्ली' किंवा 'रीडराइट'. पासवर्ड फाइल ज्या युजरखाली टॉमकॅट चालतो त्याच्याच मालकीची आणि फक्त त्यालाच वाचता येणारी हवी, म्हणजे परवानगी ६००. तसं नसेल तर जेव्हीएम सुरू व्हायलाच नकार देते. जावा १० पासून फाइलमधले साधे पासवर्ड आपोआप हॅश होऊन परत लिहिले जातात. काही दिवसांनी फाइल उघडल्यावर अनोळखी अक्षरं दिसली तर घाबरू नका.

दोन युजर करा: एक फक्त वाचणारा, एक लिहिणारा. क्लायंटचा रोजचा फेरा वाचणाऱ्या युजरनेच चालवा. याची एक गंमत आधीच माहीत असलेली बरी. रीडओन्ली युजरला ॲट्रिब्यूट वाचता येतात, सूचना ऐकता येतात, पण *कोणतंही* ऑपरेशन चालवता येत नाही, मग ते कितीही निरुपद्रवी असो. डेडलॉक शोधणारी फाइंड-डेडलॉक्ड-थ्रेड्स ही मेथड काहीच बदलत नाही, तरी ती ऑपरेशन आहे, म्हणून 'ॲक्सेस डिनाइड'.

एसएसएच टनेल

एसएसएलसाठी कीस्टोअर आणि ट्रस्टस्टोअर (किल्ल्या आणि विश्वासाची सर्टिफिकेटं ठेवायच्या फाइली) सांभाळायची तयारी असेल तर उत्तम. चार-पाच सर्व्हर असतील तर मला एसएसएच टनेल जास्त पटतो. सर्व्हरवर 'होस्ट' सेटिंग १२७.०.०.१ ठेवा, म्हणजे पोर्ट बाहेरच्या जगाला दिसतच नाही. जावा.आरएमआय.सर्व्हर.होस्टनेमही १२७.०.०.१. एसएसएल बंद, कारण एन्क्रिप्शन एसएसएच करतंय. पासवर्ड मात्र चालूच, कारण त्या मशीनवर लॉगिन असलेला प्रत्येक जण विश्वासाचा असेलच असं नाही. मग आपल्या मशीनवरून एसएसएचला '-एल' पर्याय देऊन स्थानिक ९०१० तिकडच्या ९०१० ला जोडा. दोन्ही बाजूंना *तोच* आकडा ठेवणं आवश्यक आहे, कारण स्टबमधला पोर्ट नंबर टनेलला बदलता येत नाही. दुसऱ्या सर्व्हरसाठी त्या सर्व्हरवरच ९०११ वापरा.

क्लायंटचा सांगाडा

आता जावा. जेएमएक्ससर्व्हिसयूआरएल या क्लासला लांबलचक स्ट्रिंग द्यायची:

सर्व्हिस:जेएमएक्स:आरएमआय:///जेएनडीआय/आरएमआय://१२७.०.०.१:९०१०/जेएमएक्सआरएमआय

यातले तीन तिरके दांडे सलग आहेत, टायपो नाही. त्यानंतर एक मॅप घ्या. जेएमएक्सकनेक्टर.क्रेडेन्शियल्स या कीखाली युजर आणि पासवर्ड अशा दोन घटकांचा स्ट्रिंग ॲरे ठेवा. लिस्ट नको, ॲरेच. पासवर्ड कमांड लाइनवर घेऊ नका, पीएस कमांडमध्ये तो सगळ्यांना दिसतो. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल किंवा ६०० परवानगीची फाइल बरी. मग जेएमएक्सकनेक्टरफॅक्टरी.कनेक्टला यूआरएल आणि मॅप दिला की जेएमएक्सकनेक्टर मिळतो, आणि त्याच्या गेट-एमबीनसर्व्हरकनेक्शन मेथडमधून खरं कामाचं कनेक्शन. कनेक्टर क्लोजेबल आहे, म्हणून छोट्या प्रयोगात ट्राय-विथ-रिसोर्सेस चालतो.

पहिला प्रयोग एवढाच करा: गेट-डोमेन्स मागवून छापा. 'जावा.लँग' आणि 'कॅटालिना' दिसलं की तार जुळली.

जेलिंक या जेडीकेतल्या साधनाने लागतील तेवढीच मॉड्यूल्स घेऊन छोटी रनटाइम बनवणार असाल तर जावा.मॅनेजमेंटसोबत जावा.मॅनेजमेंट.आरएमआय हे मॉड्यूलही घ्या. नाहीतर कोड नीट कंपाइल होतो आणि चालवल्यावर 'अनसपोर्टेड प्रोटोकॉल: आरएमआय' असं उत्तर येतं.

काय वाचायचं, कसं वाचायचं

जेएमएक्समधून जे दिसतं ते एमबीन नावाच्या ऑब्जेक्टमधून. प्रत्येक एमबीनला ऑब्जेक्टनेम असतं, जसं 'जावा.लँग:टाइप=मेमरी'. गेट-ॲट्रिब्यूटला हे नाव आणि 'हीपमेमरीयूसेज' दिलं की कंपोझिटडेटा (अनेक नावं-किमती एकत्र असलेला ऑब्जेक्ट) येतो. त्याला मेमरीयूसेज.फ्रॉम या मेथडमधून नेलं की यूज्ड, कमिटेड, मॅक्स सरळ मिळतात. मॅक्स कधीकधी उणे १ येतो, म्हणजे मर्यादा ठरलेली नाही. टक्केवारी काढण्याआधी ते तपासा.

यापेक्षा सोपी वाट प्रॉक्सीची, म्हणजे दूरच्या एमबीनच्या जागी इकडे वापरायच्या ऑब्जेक्टची. मॅनेजमेंटफॅक्टरी.न्यू-प्लॅटफॉर्म-एमएक्सबीन-प्रॉक्सी वापरली की मेमरी, थ्रेड, रनटाइम यांच्यासाठी नेहमीचे जावा इंटरफेस हातात येतात. दोन गोष्टी विसरायच्या नाहीत. प्रॉक्सीवरचा प्रत्येक गेटर म्हणजे नेटवर्कवरची एक फेरी. आणि कनेक्शन तुटलं असेल तर प्रॉक्सी आयओएक्सेप्शन देत नाही, अनडिक्लेअर्डथ्रोएबलएक्सेप्शन देते, ज्याच्या पोटात आयओएक्सेप्शन असतं. फक्त आयओएक्सेप्शन पकडणारा क्लायंट इथेच कोसळतो. म्हणून एकदाच पाहायचं असेल तेव्हा प्रॉक्सी, आणि सतत फेऱ्या मारणाऱ्या भागात गेट-ॲट्रिब्यूट्स, जी एका फेरीत अनेक ॲट्रिब्यूट आणते. तिची खोड अशी की न सापडलेलं ॲट्रिब्यूट ती गुपचूप गाळते. त्यामुळे उत्तरातली जागा मोजून वाचू नका, नावाने शोधा.

हीपचा 'यूज्ड' आकडा एकटा फारसा कामाचा नाही. तो करवतीच्या दात्यांसारखा वरखाली होतो. ८५ टक्के भरलेली हीप पुढच्या जीसीत ३० वर येऊ शकते आणि त्यात काळजीचं काही नसतं. खरी माहिती मेमरी पूलच्या (मेमरीच्या एकेका भागाच्या) 'कलेक्शनयूसेज' या ॲट्रिब्यूटमध्ये असते: शेवटच्या जीसीनंतर किती उरलं. ओल्ड जनरेशनचा (जास्त काळ टिकलेल्या ऑब्जेक्टच्या भागाचा) हा आकडा दिवसभर चढतच असेल तर मेमरी लीकचा संशय घ्यायला जागा आहे. पूलची नावं मात्र कोडमध्ये ठोकू नका. जी१ या जीसीमध्ये 'जी१ ओल्ड जेन', पॅरललमध्ये 'पीएस ओल्ड जेन', सीरियलमध्ये 'टेन्युअर्ड जेन'. आणि एकाच सीपीयूच्या छोट्या कंटेनरमध्ये जेव्हीएम तुम्हाला न विचारता सीरियल निवडते. क्वेरी-नेम्सला 'जावा.लँग:टाइप=मेमरीपूल,*' असा पॅटर्न द्या आणि मिळालेल्या पूलमधून निवडा. काही पूलसाठी कलेक्शनयूसेज नल येतो, तोही धरून चाला.

जीसीचे कलेक्शनकाउंट आणि कलेक्शनटाइम जेव्हीएम सुरू झाल्यापासूनची बेरीज देतात, वेळ मिलिसेकंदांत. दोन फेऱ्यांमधला फरक काढला तरच त्यातून काही कळतं. सर्व्हर मध्येच रीस्टार्ट झाला तर फरक उणे येईल, म्हणून प्रत्येक फेरीत रनटाइमचा 'स्टार्टटाइम'ही मागवा. तो बदलला की जुने आकडे टाकून नव्याने सुरुवात.

टॉमकॅटचा थ्रेड पूल 'कॅटालिना:टाइप=थ्रेडपूल,नेम="एचटीटीपी-एनआयओ-८०८०"' इथे असतो. नावाभोवतीची दुहेरी अवतरणं नावाचाच भाग आहेत, ती गाळली की एमबीन सापडत नाही. 'करंटथ्रेड्सबिझी' आणि 'मॅक्सथ्रेड्स' यांची तुलना करा. माझ्या मते टॉमकॅटसाठी हा आकडा हीपपेक्षा आधी पाहावा. बिझी थ्रेड कमाल संख्येला टेकले आणि सीपीयू मात्र निवांत असेल, तर ॲप्लिकेशन बहुतेक डेटाबेसची किंवा दुसऱ्या एखाद्या सेवेची वाट पाहत उभं आहे.

फेऱ्या आणि सूचना

फेऱ्यांसाठी शेड्यूल्डएक्झिक्युटरसर्व्हिस घ्या आणि स्केड्यूल-विथ-फिक्स्ड-डिले वापरा. फिक्स्ड-रेटमध्ये एक फेरी अडकली की साचलेल्या फेऱ्या नंतर एकामागोमाग सुटतात, तेही आधीच अडचणीत असलेल्या सर्व्हरवर. दिलेल्या कामातून एक जरी एक्सेप्शन बाहेर पडलं तर एक्झिक्युटर पुढच्या सगळ्या फेऱ्या चुपचाप रद्द करतो. क्लायंट जिवंत दिसतो, पण आकडे हलत नाहीत. कामाच्या सगळ्यात बाहेरच्या थराला ट्राय-कॅच हवाच.

मेमरी चढल्याची सूचना हवी असेल तर ओल्ड जनरेशनच्या पूलवर 'कलेक्शनयूसेजथ्रेशोल्ड' लावायचा. तो मुळात शून्य असतो, म्हणजे बंद. लावण्यासाठी लिहिणारा युजर लागतो, ऐकायला वाचणारा पुरतो. ऐकायचं मात्र पूलवर नाही, 'टाइप=मेमरी' या एमबीनवर. फिल्टर म्हणून स्वतःचा लॅम्डा देऊ नका. फिल्टर सीरियलाइझ होऊन सर्व्हरवर जातो आणि तुमचा क्लास तिथे नसतो. जेडीकेतला नोटिफिकेशनफिल्टरसपोर्ट दोन्हीकडे असतो, तो वापरा. लिसनरमध्ये मेल पाठवणं, डेटाबेसात लिहिणं असली रेंगाळणारी कामं नकोत. सूचना एका क्यूमध्ये टाकून लगेच परत या. सर्व्हरकडचा सूचनांचा बफर साधारणपणे १००० चा असतो, आणि क्लायंट मागे पडला की जुन्या सूचना गळतात.

मेलेलं कनेक्शन ओळखणं

जेएमएक्सकनेक्टरफॅक्टरी.कनेक्टला टाइमआउटचं पॅरामीटरच नाही. मधल्या फायरवॉलने पॅकेट गिळले तर ती बराच वेळ नुसती बसून राहते. म्हणून कनेक्ट वेगळ्या थ्रेडवर चालवा आणि फ्यूचर.गेटला मुदत द्या, समजा १० सेकंद. मुदत संपली तरी तो थ्रेड आत अडकलेलाच असू शकतो, म्हणून आधीचा प्रयत्न संपल्याशिवाय नवा सुरू करू नका. नाहीतर रात्रभरात अडकलेल्या थ्रेडची रांग लागते.

जोडणी झाल्यानंतरच्या कॉलसाठी क्लायंटच्या जेव्हीएमला सन.आरएमआय.ट्रान्सपोर्ट.टीसीपी.रिस्पॉन्सटाइमआउट ही सेटिंग मिलिसेकंदांत द्या. मुळात ती शून्य असते, याचा अर्थ उत्तराची वाट अनंतकाळ पाहा. हीप डंपसारखं सावकाश ऑपरेशन चालवणार असाल तर ही मुदत त्याला पुरेल अशी ठेवा, किंवा ते काम वेगळ्या प्रोग्रामला द्या. तो वेगळा प्रोग्राम मला जास्त पसंत आहे, कारण पुढे येईलच.

कनेक्टरवर ॲड-कनेक्शन-नोटिफिकेशन-लिसनर लावला की 'फेल्ड' आणि 'क्लोज्ड' कळतात. पण ही तपासणी डीफॉल्टने दर ६० सेकंदांनी होते. लवकर हवी असेल तर कनेक्ट करतानाच्या मॅपमध्ये जेएमएक्स.रिमोट.एक्स.क्लायंट.कनेक्शन.चेक.पीरियड ही की घालून मिलिसेकंदांचा आकडा द्या.

तुटलेला कनेक्टर पुन्हा वापरता येत नाही. नवा बनवा, लिसनर नव्याने लावा, प्रॉक्सी असतील तर त्याही नव्याने. जुना क्लोज करायला विसरू नका, पण मुख्य थ्रेडवर करू नका, कारण समोरचा सर्व्हर मेलेला असेल तर क्लोजही रेंगाळतो. पुन्हा जोडण्याचे प्रयत्न ५, १०, २०, ४० सेकंद असे लांबवत न्या आणि एका मिनिटावर थांबवा. पासवर्ड चुकल्याने सिक्युरिटीएक्सेप्शन आलं असेल तर प्रयत्न करूच नका. तो चूक पासवर्ड दहाव्या वेळीही चूकच असणार.

हुकूम देणारा क्लायंट वेगळा ठेवा

वाचणारा आणि हुकूम देणारा असे दोन स्वतंत्र प्रोग्राम करा, असं मी ठामपणे सांगेन. वाचणारा दिवसरात्र चालतो, त्याच्या मशीनवर लिहिणाऱ्याचा पासवर्ड असायलाच नको. हुकूम देणारा माणसाने हाताने चालवावा, त्याने काय करणार ते छापून विचारावं, आणि कोणी काय केलं ते लॉगमध्ये लिहावं.

हीप डंपसाठी 'कॉम.सन.मॅनेजमेंट:टाइप=हॉटस्पॉटडायग्नॉस्टिक' या एमबीनवर इन्व्होक करून 'डंपहीप' चालवायचं. इन्व्होकला नाव, ऑपरेशन, पॅरामीटरचा ॲरे आणि सिग्नेचरचा ॲरे लागतो. सिग्नेचरमध्ये पहिल्यासाठी जावा.लँग.स्ट्रिंग आणि दुसऱ्यासाठी नुसतं 'बूलियन', सगळी अक्षरं लहान. तिथे जावा.लँग.बूलियन लिहिलं तर रिफ्लेक्शनएक्सेप्शन येतं आणि ऑपरेशन समोर दिसत असूनही 'मेथड सापडली नाही' असं कळतं.

फाइलचा मार्ग सर्व्हरच्या डिस्कवरचा असतो, क्लायंटच्या नाही. नाव .एचप्रॉफने संपायला हवं आणि त्या नावाची फाइल आधीपासून असता कामा नये, म्हणून नावात वेळ घाला. डंप चालू असेपर्यंत ॲप्लिकेशन थांबतं, आणि दुसरं पॅरामीटर 'ट्रू' असेल तर त्याआधी पूर्ण जीसीही होते. आठ जीबीच्या हीपचा डंप काही जीबींचा होऊ शकतो, डिस्कवर जागा आहे का ते आधी बघा. आणि त्या फाइलमध्ये ग्राहकांची माहिती, सेशन टोकन, डेटाबेसचे पासवर्ड, मेमरीत जे होतं ते सगळं उघडं असतं. ती चॅटवर टाकायची वस्तू नाही.

मुद्दाम मोडून पाहा

चाचणीच्या मशीनवर टॉमकॅट चालू ठेवा, क्लायंट जोडा आणि तीन गोष्टी करा. पहिली, टॉमकॅटला किल -९ मारा. सॉकेट लगेच तुटतो, हे सोपं प्रकरण आहे. क्लायंटने काही सेकंदांत पुन्हा जोडायला लागलं पाहिजे आणि टॉमकॅट परत आल्यावर नवा स्टार्टटाइम ओळखला पाहिजे. दुसरी, आयपीटेबल्सने ९०१० चे पॅकेट ड्रॉप करा, रिजेक्ट नव्हे. इथे कनेक्टची मुदत खरंच लागू होते का ते दिसतं.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची: किल -स्टॉप. प्रोसेस जिवंत, टीसीपी कनेक्शन शाबूत, पण उत्तर देणारं कोणी नाही. लांबलेल्या जीसीत अडकलेला खरा सर्व्हर बाहेरून असाच दिसतो. रिस्पॉन्सटाइमआउट लावला नसेल तर क्लायंट इथे कायमचा गोठतो. मग किल -कॉन्ट पाठवा आणि क्लायंटच्या आउटपुटवरची वेळ पाहा. मधल्या काळासाठी त्याने जुनाच आकडा पुन्हा पुन्हा छापला असेल तर कोड अजून दुरुस्त करायचा आहे. तिथे 'माहिती नाही, शेवटचं उत्तर अमुक वाजता' अशी ओळ यायला हवी.